तांबूच्या गोचिडी आणि सफुराबीच्या कोंबड्या

"आठ दिवसांत माझ्या बागेत एक जरी गोचीड जिवंत दिसली, तर बापाचं नाव लावणार नाही!" असं मी भर कचेरीत, दौत हिंदकळेल अशी मूठ आपटून जाहीर केलं. शाई हेडक्लार्कांच्या धोतरावर उडाली. पण मोठ्या कामाच्या आरंभी असं थोडंफार व्हायचंच!

ही गोष्ट सत्तावीस सालच्या चैत्रातली. तेव्हा आम्ही कर्जतला भिसेगावात राहत होतो. घर बेताचं, पण मागची बाग अशी की येणाऱ्या-जाणाऱ्यानं थबकून बघावं. मोगरा, अनंत, दोन केळी, अळूचा वाफा, भोवती मेंदीचं कुंपण. बाग माझी. बागेच्या कोपऱ्यात फणसाखाली बांधलेली गाय मात्र हिची. ही म्हणजे आमचं कुटुंब, जानकी. माहेरी तिला जनी म्हणतात. लग्नात हिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक कालवड दिली होती, तीच आता तांबू नावाची गाय होऊन माझ्या अनंताचा पाला खात उभी असायची.

तर या तांबूला गोचिडी झाल्या. कानांत, कासेपाशी, शेपटीखाली, गळ्याखालच्या पोळीला, जिथं बघावं तिथं एरंडाच्या बीएवढ्या टम्म फुगलेल्या गोचिडी! बरं, गाईवर थांबतील तर गोचिडी कसल्या? गवतात शिरल्या, फणसाच्या सालीत शिरल्या, कुंपणाच्या बुडाशी वस्ती करून राहिल्या. एके सकाळी मी देवपूजेला बसलो, तर परडीतल्या मोगऱ्यातून एक गोचीड बाहेर आली आणि सरळ गणपतीच्या सोंडेकडे निघाली! तीन शेर दूध देणारी गाय अर्ध्या शेरावर आली. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळली. ही तिच्या गळ्यात हात टाकून रडायला लागली, आणि एक दिवस मला न विचारता तिनं वडिलांना पत्र टाकलं.

हिचे वडील म्हणजे पेणचे अण्णाशास्त्री. वेद तोंडपाठ, सोवळं कडक आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतलं पोर दचकून उठावं. त्यांचं कार्ड आलं.

"चि. जनीस अनेक आशीर्वाद. वद्य पंचमीस येतो. गाईचे हाल दिसले तर गाय परत आणीन. जिथे गाय सुखी नाही तिथे मुलगी सुखी असणे नाही, सबब तुजलाही आणीन. जावईबापूंस नमस्कार."

तुम्ही म्हणाल, बायको चार दिवस माहेरी गेली तर आभाळ कोसळतं का? अहो, तुम्हाला अण्णाशास्त्री ठाऊक नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलीला त्यांनी अशीच 'चार दिवस' नेली होती, ती दोन वर्षांनी परत आली. आणि खरं सांगू? ही घरात नसली की मला घर खायला उठतं. तोंडावर कधी बोललो नाही, पण तसं आहे खरं. म्हणून कचेरीत ती मूठ आपटली, पोट दुखतं म्हणून पंधरा दिवसांची रजा टाकली आणि कामाला लागलो.

पहिला उपाय एका वर्तमानपत्रात सापडला. तंबाखू पाण्यात उकळून जनावराला आंघोळ घालावी. घातली. तांबूनं स्वतःचं अंग चाटलं, दोनदा डोळे फिरवले आणि चारी पाय पसरून फतकल मारली.

"अहो! तांबूला काय पाजलंत?" ही धावत आली.

"पाजलं नाही गं. चोळलं. औषध आहे."

"तिला उचक्या लागल्यात!"

गाय संध्याकाळपर्यंत झिंगत होती. गोचिडी मात्र ताज्यातवान्या!

दुसरा उपाय माझ्या डोक्यातला. घासलेट! दोन बाटल्या गवतावर आणि गाय बांधायच्या जागेवर शिंपडल्या. मोगऱ्याची तीन रोपं जळाली, दुधाला कंदिलाचा वास यायला लागला आणि गोचिडींनी बाग सोडून घरात बिऱ्हाड केलं. माझ्या कोटात एक सापडली, हिच्या वेणीत एक. त्या दिवशी ही माझ्याशी बोलली नाही. गाईशी मात्र दोन तास बोलत बसली होती, आणि त्यात माझं नाव बऱ्याचदा येत होतं.

अशा वेळी धाऊ गवताचा भारा घेऊन आला. धाऊ कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत राहायचा. भारा टाकून तो उकिडवा बसला आणि माझी घासलेटची धावपळ बराच वेळ बघत राहिला.

"भाऊसायेब, ह्ये काय कामाचं नाय."

"मग काय कामाचं?"

"कोंबड्या सोडा."

"काय सोडू?"

"कोंबड्या वो! आमच्या वाडीवं कुठं हाय गोचीड? कोंबडी गाईच्या पायांत फिरती, येक येक टिपून खाती. गाय बी खूश, कोंबडी बी खूश."

"अरे हळू बोल! ब्राह्मणाच्या परसात कोंबडी?"

धाऊनं डोकं खाजवलं. "पन गोचिडीला कुठं ठावं हाय, घर कोनाचं त्ये?"

गोचिडीला ठाऊक नसलं तरी आळीला होतं! ही आळी आधी तुम्हाला सांगायला हवी. उजव्या हाताला मोरभटांचं घर. वाऱ्यानं कोंबडीचं एक पीस जरी अंगणात आलं, तरी हे गृहस्थ गोमूत्राचा तांब्या घेऊन निघायचे. कोणाच्या पंक्तीला कोण बसेल, हे आळीत मोरभट ठरवायचे. डाव्या हाताला, मेंदीच्या कुंपणापलीकडे, रज्जाकभाईंचं घर. त्यांचा लाकडांचा व्यापार. त्यांची आई सफुराबी हिच्याकडे सात कोंबड्या होत्या, आणि सातींना ती लेकींसारखी वाढवायची.

मी कुंपणाशी जाऊन रज्जाकभाईंना हाक मारली.

"रज्जाकभाई, जरा खाजगी काम होतं."

"बोला की, भाऊसायेब."

"कोंबड्या हव्यात."

रज्जाकभाईंनी मागे बघितलं, पुढे बघितलं, कुंपणाला टेकले आणि आवाज अगदी खाली आणला. "साफ करून देऊ, का तुमी कराल?"

"अहो राम राम! जिवंत! गाईच्या गोचिडी खायला!"

रज्जाकभाई असे हसले की कुंपण हललं. आतून सफुराबी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, हसू पदरात दाबलं आणि अटी घातल्या. "माझ्या कोंबड्यांना हाड-हाड नाय म्हनायचं. त्यांना सवय नाय. आनि अंडी माजी."

"अंडी तुमचीच! आम्हाला काय करायचीत?"

बेत असा ठरला. कोंबडा नाही, कारण तो आरवला की सगळं उघडं पडणार. दुपारी जेवणं झाली की ही जरा आडवी होते. तेवढ्यात कोंबड्या कुंपणाच्या एका भोकातून आत. दिवेलागणीच्या आत परत. मेंदीला नेमकं तिथंच भोक होतं, हे माझं नशीबच म्हणायचं!

आणि काय सांगू महाराज! पहिल्याच दुपारी सात जणींनी तांबूला वेढा घातला. एक पोटाखाली, एक पायांत, एक तर थेट पाठीवर! टक् टक् टक्! तांबूनं आधी कान टवकारले, मग डोळे मिटले, आणि शेवटी स्वतःच मागचा पाय उचलून 'इथलं राहिलं बाई' असं दाखवायला लागली. पाचव्या दिवशी गाईवर औषधाला गोचीड उरली नाही. फणसाच्या सालीतल्या, कुंपणातल्या सगळ्या गडप. दूध दोन शेरांवर आलं.

"अहो, तांबूची कातडी बघा कशी चकाकतेय!" ही म्हणाली.

"माझा उपाय."

"कोणता हो?"

"गुप्त आहे," मी म्हणालो. ही नुसतीच "बरं" म्हणाली आणि आत गेली.

सगळं सुरळीत चाललेलं बघवत नाही बहुधा कुणाला. सहाव्या दिवशी सफुराबी कुंपणापलीकडून गरजली, "भाऊसायेब! चार दिस झालं, येक अंडं नाय! कुठं हायेत माजी अंडी?"

अंडी कुठे असणार? माझ्या बागेत! गोचिडी खाऊन तृप्त झालेल्या बायांनी माहेरी आल्यासारखी जागा मिळेल तिथं अंडी घातली होती. मी कासोटा खोचून शोधायला लागलो. दोन अळूत, तीन गवताच्या भाऱ्यात, एक पाणी घालायच्या झारीत! बरं, न्यायची कशात? स्वयंपाकघरातलं भांडं घेतलं तर हिला कळणार. म्हणून कचेरीची पगडी घेतली. पगडी उलटी धरली तर सहा अंडी झकास बसतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ध्यानात ठेवावं.

दिवेलागणीला पगडी छातीशी धरून मी रज्जाकभाईंच्या दाराशी पोचलो, तेवढ्यात समोरून मोरभट!

"काय भाऊराव, इकडे कुठे?"

हात जोडायचे तर पगडी हातात. काही सुचेना, तेव्हा मी पगडी डोक्यावर घातली आणि नमस्कार केला.

मोरभट माझ्या कपाळाकडे टक लावून बघायला लागले. "भाऊराव, डोक्याला काय लावलंय?"

"माक्याचं तेल."

"पिवळं?"

"नवीन निघालंय."

"आणि टरफलासकट येतं वाटतं?"

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत आळीभर झालं, भाऊराव अंडी खातात! नुसती खात नाहीत, डोक्यालाही चोळतात! पोटदुखीची चौकशी म्हणून हेडक्लार्क आले. पाट ओढून माझ्या कानाशी लागले. "खरं सांगा हो, खरंच शक्ती येते? दोन मिळाली तर बघा. घरी कळू देऊ नका." ते गेल्यावर शाळामास्तर आले. त्यांना चार हवी होती! मी आपला कपाळाला हात लावून बसलो. पंक्तीतून उठवलं तर उठवलं, पण ही बातमी उद्या अण्णाशास्त्र्यांच्या कानावर गेली तर बायको गेली आणि गायही गेली!

पण त्या उद्यापर्यंत थांबतो कोण? त्याच दुपारी, कोंबड्या ऐन भरात असताना, पुढच्या दारात आवाज गडगडला, "जनी! आहेस का घरात?"

अण्णाशास्त्री! एक दिवस आधी! पेणहून बैलांच्या दमणीनं खोपोली आणि खोपोलीहून गाडीनं कर्जत असा प्रवास करून दारात हजर!

मी बागेत धावलो. हाड-हाड म्हणायची सोय नव्हती. चार कोंबड्या काखोटीला मारून न्हाणीघरात कोंडल्या. दोन डालग्याखाली झाकल्या आणि वर दगड ठेवला. सातवी खुडूक होऊन गव्हाणीतच बसली होती. ती माझ्या हाताला चोच मारायला लागली, तेव्हा तिच्यावर गवत पांघरलं. इतक्यात सासरे मागच्या दारातून आलेच. पायसुद्धा धुतले नव्हते, आधी गाय!

त्यांनी तांबूचे कान उलटे करून बघितले, शेपटी उचलून बघितली, पोटाखाली वाकून बघितलं. मग सरळ उभे राहिले.

"एकही नाही! जावईबापू, काय केलंत हो?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण जीभ कुणाची, माझीच ना! "करायचं काय, अण्णा? रजा काढली. सकाळ-संध्याकाळ या दोन हातांनी एकेक वेचून काढली."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तांबूच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "आमची चंद्री गाय गेली मागच्या वैशाखात. गोचिडींनी पोखरली हो तिला. मी रोज मंत्रून भस्म लावत होतो. नाही वाचली. तुम्ही जिंकलंत, जावईबापू."

मला क्षणभर स्वतःची लाज वाटली. क्षणभरच. कारण लगेच ते म्हणाले, "आता आधी स्नान," आणि न्हाणीघराकडे वळले.

"थांबा!" मी ओरडलो.

"का?"

"पाणी गार आहे!"

"चैत्रात गारच हवं!" आणि त्यांनी दार उघडलं.

चार कोंबड्या एकदम बाहेर! एक काखेखालून, एक खांद्यावरून, दोन थेट तोंडावर! "नारायण! नारायण!" करत शास्त्रीबोवा मागे सरकले ते डालग्यावर आदळले. डालगं कलंडलं, आणखी दोन बाहेर! कोलाहल ऐकून गव्हाणीतलं गवत हललं आणि सातवी ओरडत उठली. तांबूनं वळून तिला मायेनं चाटलं.

आणि याच मुहूर्तावर मोरभट आत आले. "शास्त्रीबोवा! बरं झालं आलात! तुमचे जावई अंडी खातात! बलक डोक्याला लावून आळीतून हिंडतात!"

अण्णाशास्त्री दगडासारख्या आवाजात म्हणाले, "जनी, ट्रंक भर. संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. गाय सोड. कुणाबरोबर तरी ती पायी येईल."

मी पुढे झालो. "अण्णा, अंडी मी खात नाही. तुमच्या पायांची शपथ! पण कोंबड्या मी आणल्या. तांबूसाठी आणल्या."

"आणि दोन हातांनी वेचल्या त्या?"

"ते... खोटं."

तेवढ्यात ही बाहेर आली. हातात ट्रंकेची किल्ली असेल म्हणून मी बघतो, तर हातात कण्यांचं सूप! हिनं मूठभर कण्या टाकल्या आणि साती कोंबड्या ओळखीच्या असल्यासारख्या हिच्या पायांशी गोळा झाल्या.

"अण्णा, कोंबड्या यांनी आणल्या असं यांना वाटतं," ही म्हणाली. "मेंदीला भोक कुणी पाडलं ते विचारा यांना. मी पाडलं. सफुराबीशी माझं आधीच बोलणं झालं होतं. मी दुपारी कधी निजते का?"

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्हाला आपल्या हातून काही झालंसं वाटलं की बरं वाटतं, म्हणून."

हिनं सूप खाली ठेवलं आणि वडिलांकडे वळली. "न्यायचं तर न्या तांबूला. मीही येते. पण तिथं तिच्या गोचिडी कोण टिपणार? चंद्रीसारखीच जायची ती. मला नाही बघवणार, अण्णा."

शास्त्रीबोवा मटकन ओट्यावर बसले. सात कोंबड्यांतली एक, पांढरी, इकडे-तिकडे बघत त्यांच्यापाशी गेली. मान वाकडी करून तिनं त्यांच्या उपरण्याच्या काठाकडे निरखून बघितलं. दमणीच्या बैलांची एक टपोरी गोचीड तिथं पेणपासून प्रवास करत आली होती. टक्!

"विटाळ! विटाळ!" मोरभट किंचाळले.

"गप्प बसा हो!" शास्त्रीबोवा म्हणाले. "तिला तिचं काम करू द्या." आणि त्यांनी उपरण्याचं दुसरं टोक सावकाश पुढे केलं.

मग ते उठून मोरभटांपुढे उभे राहिले. "गाईची सेवा करणाऱ्या जिवाचा विटाळ होतो, असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

"तसं... पोथी बघावी लागेल."

"बघा. सापडलं की या."

मोरभट निघाले. जाता जाता माझ्यापाशी रेंगाळले आणि पुटपुटले, "आमच्याही म्हशीला फार त्रास आहे हो. कुंपणाला त्या बाजूनंही एक भोक पडलं तर मी काही बघणार नाही."

"गाय इथंच राहील," शास्त्रीबोवांनी निकाल दिला. "जनीही राहील. कोंबड्यांनी बागेत यावं, उंबरठा ओलांडू नये."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर वरून आवाज आला, "पण तुम्ही खोटं बोललात. गाईसमोर उभं राहून."

"चुकलं, अण्णा. प्रायश्चित्त घेतो. पंचगव्य पितो."

"पंचगव्यानं काय होतंय! आमच्या गोठ्यात अकरा गुरं गोचिडींनी बेजार आहेत. आमच्या आळीत कोंबडी चालायची नाही." त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "जावई चालतो. रजा किती उरलीय तुमची?"

संध्याकाळच्या खोपोलीच्या गाडीत शास्त्रीबोवा खिडकीशी बसले आणि मी वळकटी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी. ही पोचवायला स्टेशनावर आली होती. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, सावकाश ओढा हं. घाईत ओढलीत तर तुटते आणि तोंड आतच राहतं. मग ते पिकतं."

"तुला काय ठाऊक?"

"तुम्ही रजा काढायच्या आधी तीन आठवडे कोण वेचत होतं मग? तुम्ही कचेरीत असायचात."

गाडी सुटली. ही लांब जाईपर्यंत मी बघत राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं, पण शास्त्रीबोवांनी माझा हात ओढून घेतला आणि उजेडाकडे धरून नीट तपासला.

"नखं जरा वाढवा, जावईबापू," ते म्हणाले.